जगाच्या परिषदेत आमचा इतिहास कोण वाचणार?

ठाण्याचा घोडबंदर रोड आता जुन्या माणसाला ओळखू येत नाही. कंपन्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, मॉल आले, रस्त्यात मेट्रोचे खांब आले. या झगमगाटाच्या पाठीमागे, येऊरच्या डोंगराच्या कडेने, मानपाड्यापासून कासारवडवली-ओवळ्यापर्यंतच्या चाळींत आणि पाड्यांत आपला समाज राहतो, आदिवासी बांधव राहतात. टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी आई, वॉचमनची रात्रपाळी करणारा बाप आणि कंत्राटावर झाडू मारणारा भाऊ अशा घरांतून आज एम.ए., पीएच.डी. करणारी मुले-मुली निघत आहेत. त्यांतली काही इतिहास घेतात. त्यातही काही जण शिवकाल-पेशवाईच्या ठरलेल्या वाटेने न जाता महायुद्धे, शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रे, वसाहतींचे स्वातंत्र्यलढे अशा आधुनिक आंतरराष्ट्रीय इतिहासाकडे वळतात. मग एखाद्या दिवशी परदेशातील परिषदेचे पत्र येते की, तुमचा शोधनिबंध निवडला आहे, येऊन वाचा. आणि घरात आनंदाऐवजी हिशेब सुरू होतो.

विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, परिषदेची नोंदणी, चार दिवसांचे राहणे, थंडीचे कपडे. आकडा लाखाच्या पुढे जातो. त्यात व्हिसासाठी बँकेचे खातेपुस्तक दाखवावे लागते. ज्या घरात महिन्याचा पगार दहा तारखेला संपतो, त्या घराच्या खातेपुस्तकात व्हिसा अधिकाऱ्याला काय दिसणार? पत्र कपाटात जाते. निबंध न वाचताच राहतो. त्या सत्रातली खुर्ची रिकामी राहत नाही, तिथे दुसरा कोणी तरी बसतो. अनेकदा तो आपल्याच इतिहासावर बोलतो, पण आपल्या बाजूने बोलतोच असे नाही.

आमचे म्हणणे असे की, हा एका घराच्या अडचणीचा प्रश्न नाही, चळवळीचा प्रश्न आहे. काही बांधव विचारतील, गावोगाव अत्याचार होत आहेत, आरक्षित जागा रिकाम्या पडल्या आहेत, खासगीकरणाने नोकऱ्या गिळल्या आहेत, अशा वेळी चार पोरांनी परदेशात जाऊन कागद वाचले काय आणि न वाचले काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला नव्याने शोधण्याची गरज नाही. ते बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे.

चळवळीच्या दिनदर्शिकेत १४ एप्रिल आहे, २० मार्च आहे, १४ ऑक्टोबर आहे, ६ डिसेंबर आहे. ९ मे नाही. ९ मे १९१६ या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. त्या वेळी ते डॉक्टर नव्हते, बॅरिस्टर नव्हते, कोणाचे नेते नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जगणारे एक विद्यार्थी होते. महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातूनच घरी पैसे पाठवायचे आणि त्यातूनच पुस्तके घ्यायची.

त्या निबंधात त्यांनी रडगाणे गायले नाही. तोपर्यंत जातीवर लिहिणाऱ्या सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या विद्वानांची मते एकेक करून तपासली आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत आहे हे दाखवून दिले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्याच सक्तीतून कशा निपजतात, हेही उलगडून दाखवले. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज शंभराहून अधिक वर्षे झाली, जगभरच्या विद्यापीठांत तो वाचला जातो. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या अकरा वर्षे आधी बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर पहिला घाव घातला तो एका परिषदवजा सत्रात, वाचलेल्या निबंधाने. चवदार तळ्यावर जाण्यापूर्वी त्यांनी शत्रूचा किल्ला आतून पाहून ठेवला होता.

त्याच निबंधात केतकरांचा दाखला देऊन एक इशाराही दिलेला आहे. हिंदू जगात जिथे जातील तिथे जातीचा प्रश्न सोबत नेतील आणि तो जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव केला. कॅलिफोर्नियात तसेच विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले. एका विद्यार्थ्याच्या निबंधात नोंदवलेला इशारा एकशे सात वर्षांनी अमेरिकेच्या कायदेमंडळांत येऊन उभा राहिला. शोधनिबंधाची ताकद विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांचा पुढचा विद्यार्थिकाळही आजच्या मुलांनी मुळातून वाचावा. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, ती बोट महायुद्धात पाणतीर लागून बुडाली. जगाचा इतिहास आणि आपला इतिहास वेगळे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढी एक घटना ध्यानात ठेवावी. युरोपातल्या सम्राटांच्या भांडणात एका अस्पृश्य विद्यार्थ्याची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे त्यांनी भारतातील जबाबदार राज्यपद्धतीच्या जबाबदाऱ्यांवर निबंध वाचला, तेव्हा खळबळ उडाली. प्रा. हॅरॉल्ड लास्की यांना त्यातले विचार क्रांतिकारक वाटले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. डी.एस्सी.चा प्रबंध दिला तेव्हा ब्रिटिश राजवटीवरची टीका परीक्षकांना झोंबली आणि तो पुन्हा लिहून द्यायला सांगण्यात आले. बाबासाहेबांनी निष्कर्ष बदलले नाहीत. मांडणी सुधारली, प्रबंध पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली. आज आपल्या मुलाला कोणी मार्गदर्शक म्हणतो, ‘तुझी भाषा फार आक्रमक आहे, जरा सौम्य लिही.’ त्या मुलाने खचू नये. शब्द घासून घ्यावेत, निष्कर्ष सोडू नये.

आता आजच्या राज्यकर्त्यांनी काय केले ते पाहा.

अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशात शिकता यावे म्हणून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. एवढ्या मोठ्या देशासाठी वर्षाला जागा अवघ्या १२५. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने या योजनेची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात एक कलम घुसवले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास या विषयांच्या संशोधनासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण असे दिले गेले की, या विषयांची साधने भारतातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी जायची गरज काय?

बांधवांनो, या कलमाचा सरळ अर्थ काय होतो? १९१६ साली हे कलम असते, तर बाबासाहेबांचा निबंध अपात्र ठरला असता. भारतातील जाती हा विषय? भारतावरील सामाजिक अभ्यास! नामंजूर. त्यांचा प्राचीन भारतीय व्यापारावरील एम.ए.चा प्रबंध? भारताचा इतिहास! तोही नामंजूर. सयाजीराव महाराज संस्थानिक होते, पण त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या विषयाला असे कुंपण घातले नाही. संविधानाच्या नावाने शपथ घेणाऱ्या सरकारने ते घातले. क्युबावर लिहा, व्हिएतनामवर लिहा, हरकत नाही. चवदार तळ्यावर मात्र परदेशात लिहू नका! आपल्या घरातले जगासमोर जाऊ नये ही जी सनातनी वृत्ती आहे, तिनेच हे कलम लिहिले असा संशय आम्हाला येतो आणि तो निराधार नाही.

साधने भारतातच आहेत हा दावाही खोटा आहे. ब्रिटिश राजवटीच्या इंडिया ऑफिसचे दफ्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९३० ते १९३२ या काळात गोलमेज परिषदा लंडनमध्ये भरल्या आणि त्यांचा पत्रव्यवहारही तिथे आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, त्याच्या प्रती मिळतील का, भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, असा त्या पत्राचा आशय. डुबॉईस यांनी सहानुभूतीने उत्तर दिले. ती पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांचा अभ्यास भारताचा इतिहास म्हणायचा, अमेरिकेचा की संयुक्त राष्ट्रांचा? मंत्रालयाच्या कारकुनाने त्याचे उत्तर द्यावे.

आणखी एक विसंगती. बाबासाहेब विद्यार्थिदशेत राहत होते ते लंडनचे किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतले. ते घेतले हे चांगलेच झाले, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण बाबासाहेब त्या घरात स्मारक व्हावे म्हणून राहत नव्हते, ग्रंथालयात बसता यावे म्हणून राहत होते. घर विकत घ्यायचे आणि त्या घरातून ग्रंथालयाकडे जाणारी वाट आपल्या मुलांना बंद करायची, याला आदर कसे म्हणावे? पुतळा मोठा करायचा आणि विचार लहान करायचा, हा खेळ आता समाजाच्या ध्यानात आला आहे.

पैशाच्या बाबतीतही तेच. २०२५ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे दिली गेली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पाहू, असे सांगण्यात आले. निवड झाली, विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि सरकारची तिजोरी म्हणते, थांबा! इथे महाराष्ट्रात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसावे लागले. ज्या दिवसांत ग्रंथालयात बसायचे, ते दिवस या मुलांनी मंडपात काढले. संशोधकाचा वेळ खाणे हीसुद्धा बहिष्काराची एक रीत आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही.

आता परिषदा कशा चालतात आणि त्यात आपली जागा कुठे असते, हेही चळवळीने समजून घेतले पाहिजे. आधुनिक आंतरराष्ट्रीय इतिहासाच्या चांगल्या परिषदा आधी निवेदन काढतात. विद्यार्थी दोन-अडीचशे शब्दांचा गोषवारा पाठवतो. निवड झाली तर तीन-चार निबंधांचे एक सत्र होते, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटे मिळतात, मग एक ज्येष्ठ अभ्यासक भाष्य करतो आणि सभागृहातून प्रश्न येतात. बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, तिथे आंतरराष्ट्रीय इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. त्या संस्थेने अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यासोबत शीतयुद्धाच्या इतिहासावर खास पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी परिषदा भरवल्या. अशा परिषदांत वाचलेले निबंध पुढे नियतकालिकांत जातात, पुस्तकांची प्रकरणे होतात. तिथे झालेल्या ओळखींतून शिफारशीची पत्रे, अधिछात्रवृत्त्या, नोकऱ्या मिळतात. कोणत्या देशाचा, कोणत्या समाजाचा इतिहास महत्त्वाचा, हे तिथेच हळूहळू ठरते.

आपल्या मुलाला अशा ठिकाणी बोलावले गेले, तर बहुधा कोणत्या सत्रात बसवतात? जात, अत्याचार, आत्मकथन. ‘तुमचा अनुभव सांगा.’ अनुभव सांगण्यात कमीपणा काहीच नाही, दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. पण कायम अनुभव आम्हीच सांगायचा आणि त्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि ते न्यायाधीशाच्या खुर्चीत! परराष्ट्र धोरण, युद्ध, तह, संयुक्त राष्ट्रे या सत्रांत आपला विद्यार्थी अपवादानेच दिसतो. तिथे आपले काय काम, असे त्यांना वाटते आणि दुर्दैवाने आपल्यालाही वाटते.

आपले काम तिथे भरपूर आहे. नुसते आठवून पाहा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये इंग्रजांनी महारांची १११ वी पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या सैनिकांनी घरी काय लिहिले, परत आल्यावर गावाने त्यांना पाणवठ्यावर कसे वागवले, हा महायुद्धाचा इतिहास नाही काय?

१९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी जी कारणे सांगितली, त्यांत हिंदू कोड बिल होतेच, पण परराष्ट्र धोरणही होते. वर्षाच्या ३५० कोटी महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर जातात आणि मदतीला येणारा मित्र आपल्याला उरलेला नाही, हे त्यांचे दुखणे होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशील आणि तिबेट या प्रश्नांवर नेहरूंच्या धोरणाची चिरफाड केली. पुढे १९६२ उजाडले. १९५० मध्ये श्रीलंकेत, १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेत ते गेले. दीक्षेनंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. अर्धे आशिया खंड साम्यवादाकडे झुकत असताना बुद्धाचा मार्ग हा त्याला पर्याय आहे, असे एक नेता आशियातील बौद्धांना सांगत होता. हा शीतयुद्धाचाच इतिहास आहे. शीतयुद्धाच्या किती ग्रंथांत या भाषणाला पानभर जागा मिळाली आहे? ती मिळवून देण्याचे काम दुसरा कोणी करणार नाही.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते तिथे पोहोचले, जातीचा प्रश्न त्यांनी जगापुढे मांडला. भारत सरकारने सारी मुत्सद्देगिरी पणाला लावून तो अधिकृत मसुद्यात येऊ दिला नाही. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावात जातीचा समावेश करणारी शिफारस केली. डर्बनला गेलेले अनेक कार्यकर्ते आज वयस्कर झाले आहेत. त्यांची पत्रके, बिल्ले, टिपणे कुठे आहेत? कोणाच्या पत्र्याच्या पेटीत, कोणाच्या माळ्यावर. पावसाळ्यात ठाण्या-कल्याणच्या चाळींत पाणी शिरते, तेव्हा आंतरराष्ट्रीय इतिहासाचे दस्तऐवज भिजत असतात. सरकारी दफ्तरात सरकारची बाजू जपून ठेवलेली आहे. आपली बाजू ओल लागून चालली आहे.

आणि घोडबंदर हे नाव तरी काय सांगते? समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराची खूण त्या नावात आहे. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. रस्त्याच्या कडेच्या डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपासून हा पट्टा जगाशी जोडलेला आहे. या रस्त्यावरचे कारखाने का बंद पडले, १९९१ नंतरच्या जागतिकीकरणात इथला कामगार वॉचमन कसा झाला, हाही आंतरराष्ट्रीय इतिहासाचाच विषय आहे. तो लिहायला ऑक्सफर्डहून कोणी येण्याची वाट पाहायची गरज नाही. त्या कामगाराची मुलगी तो लिहू शकते.

इथे एका धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ या नावाने आपल्याकडे एक बाजार मांडला गेला आहे. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचे कोष्टक जोडले, २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.साठी दोन निबंधवाचने सक्तीची केली. मग कॉलेजाकॉलेजांत एक दिवसाच्या परिषदांचे पीक आले. सकाळी नोंदणी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. एका वर्गात पंचवीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटे, ऐकायला कोणी नाही. परदेशातला एखादा पाहुणा पडद्यावर दिसला की परिषद आंतरराष्ट्रीय! २०२२ च्या नियमावलीने ती सक्ती काढली, पण बाजार उठला नाही. आपली मुले शिष्यवृत्तीचे पैसे अशा प्रमाणपत्रांवर घालवतात. आम्ही त्यांना कळकळीने सांगतो, दहा प्रमाणपत्रांपेक्षा एक निबंध जिथे कठोरपणे तपासला जाईल तिथे वाचा. ते ठिकाण परदेशातच असले पाहिजे असेही नाही. १९३५ मध्ये पुण्यातून सुरू झालेल्या इतिहास परिषदेचीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस झाली, तिथे भारतेतर देशांच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून सुरुवात करा.

चळवळीने काय करावे? भाषणे पुष्कळ झाली, चार कामे सांगतो.

पहिले काम मागणीचे. परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत विषयबंदीचे कलम असता कामा नये, या वर्षी नाही आणि कोणत्याही वर्षी नाही. आपल्या मतांवर निवडून येणाऱ्या प्रत्येक खासदाराला हा प्रश्न विचारा. बार्टीने अधिछात्रवृत्तीसोबत परिषदेच्या प्रवासाची तरतूद करावी आणि ती आगाऊ द्यावी. आधी खिशातून खर्च करा, बिले लावा, मग परतावा घ्या, ही रीत ज्याच्या खिशात आहे त्याच्यासाठी आहे. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तिथे व्यवस्थापन आणि कायद्याबरोबर इतिहास आणि समाजशास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासालाही जागा हवी.

दुसरे काम निधीचे. घोडबंदर रोडपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जयंती मंडळे किती आहेत याची मोजदाद करा. मंडळ एका रात्रीच्या डीजेवर जेवढे उधळते, त्याचा चौथा हिस्सा जरी बाजूला काढला आणि दहा मंडळांनी एकत्र केला, तर वर्षाला एक विद्यार्थी जगातल्या कोणत्याही परिषदेत जाऊन येईल. बाबासाहेबांना भथेनांनी कर्ज दिले, शाहू महाराजांनी मदत केली. आज आपल्यात नोकरदार आहेत, डॉक्टर-इंजिनियर आहेत, टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेलेही आहेत. समाजाचे देणे फेडायची ही एक वाट आहे. मात्र निवड गुणवत्तेने व्हावी, पदाधिकाऱ्याचा पुतण्या म्हणून नव्हे. आणि परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने वस्तीत येऊन आपला निबंध मराठीत सांगावा, एवढी एकच अट असावी.

तिसरे काम सरावाचे. विहारात रविवारी वंदना होते, त्यानंतर एक तास मोकळा ठेवा. ज्याला निबंध वाचायचा आहे त्याला उभे करा, वीस मिनिटे घड्याळ लावा आणि प्रश्न विचारा. इंग्रजीची भीती अशानेच जाईल. वस्तीतल्या आजीने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते, तो लंडनच्या प्राध्यापकालाही उत्तर देऊ शकतो.

चौथे काम कागद जपण्याचे, आणि ते उद्यापासून सुरू करता येईल. घरातल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याची पेटी उघडा. जुनी पत्रके, सैन्यातली कागदपत्रे, आखातात कामाला गेलेल्या भावाची पत्रे, रंगून-काठमांडूच्या बातम्यांची कात्रणे, नामांतराच्या काळातली टिपणे, काहीही रद्दीत घालू नका. मोबाईलने छायाचित्र काढा, तारीख आणि नाव लिहून ठेवा. उद्याच्या संशोधकाचा पुरावा हाच आहे. पुराव्यावाचून बोललो तर ते म्हणतील भावनेने बोलतात. पुरावा समोर ठेवला की उत्तर त्यांना द्यावे लागते.

पालकांनाही दोन शब्द. मुलगी म्हणाली, मला इतिहासात पीएच.डी. करायची आहे, तर ‘इतिहासाने पोट भरते का’ असे म्हणून तिला गप्प करू नका. प्रश्न रास्त आहे, इतिहासात नोकऱ्या कमी आहेत आणि प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडते, हे आम्ही जाणतो. म्हणून तर हा भार एकट्या आई-बापावर टाकू नये, समाजाने वाटून घ्यावा, असे आम्ही म्हणतो. इंजिनियर मुलगा एक घर वर आणतो. इतिहासकार मुलगी साऱ्या समाजाची बाजू मांडते. समाजाला दोघेही हवेत.

बाबासाहेबांनी शिकण्याला संघटन आणि संघर्ष यांच्याशी बांधले, ते उगीच नव्हे. शिकलेल्या माणसाने एकट्याने पुढे निघून जावे यासाठी त्यांनी रक्त आटवले नाही. पण शिकलेल्याला समाजाने एकटे टाकावे, यासाठीही ते नव्हते. ९ मे ही तारीख यंदा दिनदर्शिकेत आपल्या हाताने लिहा. त्या दिवशी मिरवणूक नको, हारतुरे नकोत. आपापल्या विहारात एका विद्यार्थ्याला उभे करा आणि त्याचा निबंध शेवटपर्यंत ऐका.

जय भीम!